रेवदंडा : नारळाच्या रसातल्या आठवणी

अलिबागहून दक्षिणेकडे निघालेला रस्ता नागाव आणि चौल ही वाड्यांची गावे मागे टाकीत सुमारे १७ किलोमीटरांवर एका जुन्या तटबंदीत शिरतो. प्रवाशाला वाटते, किल्ला आला. पण तटाच्या आत बाजार आहे, शाळा आहे, घरांची अंगणे आहेत, नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. हेच रेवदंडा. एका बाजूला समुद्र आणि सुरूचे बन, दक्षिणेला कुंडलिका नदीचे मुख, नदीपलीकडे कोर्लईचा डोंगर. पोर्तुगिजांच्या पडक्या चर्चांच्या भिंतींवर वेली चढल्या आहेत आणि ‘सातखणी’ म्हणून ओळखला जाणारा उंच मनोरा माडांच्या शेंड्यांतून डोके वर काढून उभा आहे. मुंबईची मंडळी शनिवार-रविवारी येतात, वाळूवर बसतात, शहाळे पितात आणि परत जातात. या गावाची खरी ओळख मात्र किनाऱ्यापेक्षा घरांच्या मागच्या दाराशी, खवणी आणि पाटा-वरवंट्याजवळ अधिक सापडते. निदान ज्यांना व्यापाराचा आणि स्वयंपाकघराचा संबंध किती जवळचा असतो हे ठाऊक आहे, त्यांना तरी ती तेथेच शोधावी असे वाटेल.

चौल आणि रेवदंडा ही आज दोन गावे असली तरी इतिहासात ती एकच पेठ. ग्रीक भूगोलकारांनी जिला ‘सिमिल्ला’ म्हटले आणि अरब प्रवाशांनी ‘सैमूर’, ती हीच असे अभ्यासक मानतात. दहाव्या शतकाच्या आरंभी अल-मसूदी येथे आला, तेव्हा परदेशी मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वस्ती त्याने येथे पाहिली. सोळाव्या शतकाच्या आरंभीचा पोर्तुगीज लेखक दुआर्ते बार्बोसा सांगतो की, हिवाळ्याच्या महिन्यांत घाटावरून बैलांचे मोठमोठे तांडे गहू, तांदूळ, तेल आणि कापड लादून चौलला उतरत आणि परतताना समुद्रमार्गे आलेला माल घेऊन जात. पावसाळ्यात पेठ ओस, सुगीनंतर गजबज. ज्यांच्या घराण्यात आजोबा-पणजोबांनी घाटाखालच्या पेठांशी आडत केली असेल, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

१५८३ मध्ये राल्फ फिच हा इंग्रज व्यापारी गोव्याकडे कैदी म्हणून नेला जात असताना चौलला थांबला. कैदेत असूनही त्याची व्यापारी नजर शाबूत होती. रेशीम, चंदन, हस्तिदंत आणि मसाल्यांची उलाढाल त्याने टिपली. परंतु त्याला सर्वांत मोठे नवल वाटले ते माडाचे. जगात याहून लाभदायक झाड नाही, असे त्याचे मत झाले. तेल, साखर, शिरका, दोर, घराचे छप्पर, गलबताचे शीड, बसायची चटई, केरसुणी आणि गलबताचे लाकूड असा त्याने एका झाडाचा जमाखर्चच मांडला आहे. येथले काही लोक कोणत्याही जिवाला मारीत नाहीत, मांस खात नाहीत, भात आणि दूध यांवर राहतात, हेही त्याने नोंदवले. त्याला ते विचित्र वाटले. वाटू द्यावे.

त्याच्याही शंभरेक वर्षे आधी याच बंदरात एक रशियन उतरला होता. त्वेर शहरचा अफानासी निकितीन. तो १४६६ च्या सुमारास घरून निघाला, वाटेत लुटला गेला, कर्जात बुडाला आणि शेवटी विकण्यासाठी एक घोडा घेऊन चौलच्या किनाऱ्याला लागला. तेथून पाली, जुन्नर असे करीत तो बिदरला पोहोचला. त्याचा प्रवास ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ म्हणून रशियन साहित्यात प्रसिद्ध आहे आणि ख्वाजा अहमद अब्बास यांनी रशियन दिग्दर्शकाबरोबर १९५७ मध्ये काढलेला ‘परदेसी’ हा चित्रपट त्याच्यावरच बेतलेला होता. रेवदंड्यात त्याचे स्मारक उभारले आहे. पर्यटक तेथे क्वचितच थांबतात.

निकितीनची वही खाण्याच्या बाबतीत फार बोलकी आहे. येथले लोक मांस-मासळी खात नाहीत, मद्य पीत नाहीत, दिवसातून दोनदा जेवतात आणि रात्री जेवत नाहीत, असे तो लिहितो. भात, तुपातली खिचडी आणि निरनिराळ्या पालेभाज्या हा त्यांचा आहार. (घोड्यांनाही हरभरे आणि खिचडी घालतात, हे त्याने तितक्याच गंभीरपणे लिहून ठेवले आहे.) पण या नोंदींच्या मागे त्याचे स्वतःचे एक दुःख आहे. लुटीत त्याची धर्मपुस्तके गेली होती. कोणता सण कधी, उपवास केव्हा सुरू होतो, हे सांगणारे कोणी सोबत नव्हते. तिथी चुकतील या धास्तीने तो अंदाजाने उपवास धरीत राहिला. जुन्नरला त्याचा घोडा जप्त करून, धर्म बदललास तर परत मिळेल, असेही त्याला सांगण्यात आले. एका भल्या खुरासानी माणसाच्या मध्यस्थीने घोडा सुटला. परमुलखात आपले पंचांग आणि आपले ताट सांभाळणे किती कठीण असते, हे या माणसाला पुरते कळले होते. पर्युषणात परदेशात अडकलेल्या कोणाही व्यापाऱ्याला ते कळेल.

पोर्तुगीज आले ते मात्र राहण्यासाठी. १५२१ मध्ये निजामशाहाकडून परवानगी मिळवून त्यांनी येथे किल्ला बांधला. १५७०-७१ चा मोठा वेढा सोसला. १५९४ मध्ये समोरचा कोर्लईचा डोंगर घेतला. आणि १७४० मध्ये तहानुसार हे सारे मराठ्यांच्या हाती आले. तोफा गेल्या, पाद्री गेले. राहिले ते स्वयंपाकघरात. मिरची, काजू, अननस, पपई, पेरू, बटाटा, टोमॅटो हे सारे अमेरिका खंडातले. पोर्तुगिजांच्या गलबतांतून ते पश्चिम किनाऱ्यावर उतरले आणि त्यांतल्या कित्येकांची नावेही त्यांच्याबरोबर मराठीत आली. बटाटा, काजू, अननस, पाव, कोबी हे शब्द आज कोणाला परके वाटत नाहीत. कंदमूळ न खाणाऱ्या घरांनी बटाटा बाजूला ठेवला, पण हिरव्या मिरचीला कोणीच अडवले नाही. मिरचीपूर्वी तिखटपणा मिऱ्यांचा आणि आल्याचा होता. त्यात आले जमिनीखालचे. तेव्हा सातासमुद्रांपलीकडून आलेल्या या परदेशी शेंगेने कंदमूळवर्ज्य स्वयंपाकाची मोठीच सोय केली, असे म्हणावे लागेल.

नदीपलीकडे कोर्लई गावात आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली एक बोली बोलतात. बोलणारे जेमतेम हजाराच्या आसपास. ते तिला ‘नो लिंग’, म्हणजे आपली भाषा, असे म्हणतात. जगातले भाषाशास्त्रज्ञ तिच्यासाठी येथवर येतात. पण त्या गावाची हकिकत वेगळी, आणि ती स्वतंत्रपणे सांगावी अशी आहे.

या लेखाचा विषय आहे तो रेवदंडा-चौल परिसरातल्या दुसऱ्याच एका चुलीचा. ती चूल बेने इस्राएल समाजाची.

परंपरा अशी सांगते की, फार प्राचीन काळी ज्यू लोकांचे एक गलबत अलिबागच्या उत्तरेला नवगावजवळ फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. ग्रंथ बुडाले, भाषा हळूहळू विसरली. उरले ते शनिवारची विश्रांती, सुंता, ‘शेमा’ ही प्रार्थना आणि खाण्याचे नियम. ही मंडळी गावोगाव पसरली, तेलाचे घाणे चालवू लागली आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. आडनावे गावांवरून पडली : चेऊलकर, नागावकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर. घरात मराठी, अंगावर नऊवारी, मंगळसूत्र आणि हिरवा चुडा. शेजाऱ्यांना ते वेगळे वाटत ते दोनच ठिकाणी : शनिवारी आणि स्वयंपाकघरात.

हाईम सॅम्युअल किहीमकर यांनी १८९७ मध्ये या समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीव येथे. त्यात सणांची जी नावे दिली आहेत ती वाचली की स्मृतिरक्षणाचे काम पोथीपेक्षा चुलीने कसे केले ते कळते. ज्यू नववर्षाला हे लोक ‘नव्याचा सण’ म्हणत. त्यानंतर थोड्याच दिवसांनी ‘खिरीचा सण’, ज्यात नव्या धान्याची नारळाच्या रसातली खीर. प्रायश्चित्ताच्या कडकडीत उपवासाचा दिवस म्हणजे ‘दारफाळणीचा सण’, कारण त्या दिवशी दारे लावून घरात बसायचे. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’, दानधर्माचा. पुरीम हा सण होळीच्या सुमारास येतो, म्हणून तो ‘होळीचा सण’ झाला आणि त्यात पुरणपोळी शिरली. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिवस तर ‘बिरड्याचा सण’ झाला. त्या दिवसांत मांस वर्ज्य करून मोड आलेल्या वालांचे बिरडे आणि भात खात. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी पडलेल्या मंदिराचे दुःख आणि कोकणातले वाल यांची गाठ कोणी घातली? ज्या बाईने पहिल्यांदा त्या दिवशी बिरडे शिजवले, तिचे नाव कोठे नोंदलेले नाही.

आणखी एक नाव फार सुंदर आहे : ‘अनाशी ढाकायचा सण’. अनाशी म्हणजे तोंडी लावण्याच्या आंबट रसाचा रांजण. वल्हांडणाच्या, म्हणजे पेसाहच्या आठ दिवसांत आंबवलेले काही खायचे नाही, घरात ठेवायचेही नाही, असा ज्यू धर्माचा दंडक. ग्रंथ नव्हते, शिकवणारा नव्हता, कारण विसरले होते. पण वर्षातून एकदा त्या रांजणाचे तोंड झाकायचे, एवढे घरातल्या बायकांनी लक्षात ठेवले. पुढे डेव्हिड राहाबी नावाचा परदेशी ज्यू या किनाऱ्यावर आला आणि त्याने या लोकांना ओळखले ते खाण्याच्या शिस्तीवरून, अशी कथा या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. कथेत इतिहास किती, हा प्रश्न वेगळा. ओळख पटवण्यासाठी कथेने स्वयंपाकघर निवडले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

ज्यू आहारनियमांना ‘कोशर’ म्हणतात. त्यातला एक मुख्य नियम असा की, करडू त्याच्याच आईच्या दुधात शिजवू नये. या एका आज्ञेवरून पुढे दूध आणि मांस यांची पूर्ण ताटातूट झाली : भांडी वेगळी, ताटे वेगळी, दोहोंच्या जेवणांत काही तासांचे अंतर. बेने इस्राएल घर मांसाहारी. त्या भागाशी या वाचकांना कर्तव्य नाही. पण त्या नियमाने जे घडवले ते पाहण्यासारखे आहे. जेवणानंतरच्या गोडात दूध चालेना, तूप चालेना, खवा चालेना. मग काय? परसात माड होता. नारळ किसून, वाटून, पिळून काढलेला पहिला दाट रस आणि कोमट पाणी घालून काढलेला दुसरा पातळ रस, यांनी दुधाची जागा घेतली. खीर, हलवा, भात, आमट्या, सारे नारळाच्या रसात. फिचने माडाच्या जमाखर्चात दोर आणि केरसुणीही धरली होती. एका समाजाचा धर्म राखणे हे कलम त्याच्या यादीतून सुटले.

जैन घराला हा नियमांचा सूर ओळखीचा वाटेल. कच्च्या दही-ताकाबरोबर द्विदल धान्य वर्ज्य मानणारी घरे कढी आणि दहीवडे करताना जो विचार करतात, तोच ‘हे त्याला लागू नये’ असा विचार येथेही आहे. कारणे निराळी, तत्त्वज्ञान निराळे; जीवदयेची जैन बैठक आणि ईश्वराज्ञेची ज्यू बैठक यांची सरमिसळ करू नये. शनिवारचा विस्तव न पेटवण्याचा दंडक असल्याने बेने इस्राएल गृहिणी शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी स्वयंपाक उरकते, हे चौविहार पाळणाऱ्या घराला आपलेसे वाटेल. पण तेच अन्न शनिवारी खाल्ले जाते आणि जैन आचारात ते वासी ठरेल. बिरड्यातले मोडही कडक नियम पाळणाऱ्या घरात चालणार नाहीत. साम्य आहे ते घरातल्या बाईच्या डोक्यात सतत चालू असलेल्या हिशेबात. काय वगळायचे, आणि वगळूनही ताट भरलेले कसे दिसेल?

वगळण्यातून निघालेली आणखी एक युक्ती सांगण्याजोगी आहे. शुक्रवारच्या संध्याकाळच्या प्रार्थनेला ज्यू परंपरेत द्राक्षाचे मद्य लागते. कोकणात ते कोठून येणार? बेने इस्राएल घरांत काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून त्यांचे सरबत करतात आणि त्यावरच आशीर्वाद म्हणतात. त्यात मद्याचा अंशही नसतो.

त्या मनुका, तो खजूर, ते बदाम-पिस्ते या घरांपर्यंत कसे येत असतील, हे व्यापारी वाचकांना सांगायला नको. मुंबईच्या मांडवी भागातली सॅम्युअल स्ट्रीट कित्येकांच्या पायाखालची आहे. तेथे १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर या बेने इस्राएल सैनिकी अधिकाऱ्याने मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधले. बेने इस्राएल लोक आपल्या प्रार्थनागृहाला मराठीत ‘मशीद’च म्हणत, आणि मशीद बंदर स्थानकाचे नाव याच वास्तूवरून पडले असे सांगितले जाते. सुक्यामेव्याच्या पेढ्यांवर रोज ये-जा करणाऱ्या किती जणांना त्या नावामागे अलिबाग तालुक्यातली एक चूल आहे, हे ठाऊक असेल?

या चुलीचा मानाचा पदार्थ म्हणजे मलिदा. नाव तेच असले तरी हा पोळी कुस्करून केलेला मलिदा नव्हे. लग्न, बारसे, नवे घर, परदेशगमन, आजारातून उठणे, फेडलेला नवस, अशा प्रत्येक प्रसंगी एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने तो मांडतात. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एका खडकावर एलियाहूच्या रथाच्या चाकाची खूण आहे, अशी या समाजाची श्रद्धा आहे आणि तेथे नवस फेडायला लोक दुरून येतात. मलिद्यात विस्तव लागत नाही, दूध-तूप लागत नाही, जमिनीखालचे काहीही लागत नाही. त्यामुळे तो जैन घरात जसाच्या तसा करता येतो. दोन वाट्या जाड पोहे निवडून, धुऊन, निथळत ठेवावेत. ते मऊ झाले की एका ताज्या नारळाचा चव, वाटीभर किसलेला गूळ किंवा साखर, वेलदोड्याची पूड आणि किंचित जायफळ घालून हलक्या हाताने मिसळावे. चोळून लगदा करू नये. मग बदाम-पिस्त्यांचे काप, बेदाणे आणि बिया काढलेल्या खजुराचे तुकडे. मोठ्या ताटात मध्ये शीग रचून भोवती पाच प्रकारची फळे मांडतात; त्यांत खजूर आणि केळे बहुधा असतेच. वर गुलाबाच्या पाकळ्या. गूळ वापरला तर पोह्यांना पाणी सुटते, म्हणून फळे कापण्याआधी फार वेळ कालवून ठेवू नये. नारळ जून हवा. कोवळ्याचा चव पाणचट लागतो आणि मलिदा दोन तासांत उतरतो.

दुसरा पदार्थ चिकाचा हलवा, नव्याच्या सणाचा. गहू भिजवून, वाटून, त्यांचा पांढरा चीक काढायचा आणि नारळाच्या रसात साखरेबरोबर तासन्‌तास ढवळत आटवायचा. एकटीचे ते काम नव्हे. शेजारपाजारच्या बायका पाळीपाळीने ढवळायला बसत. वडी गुलाबी आणि झुळझुळीत, वर बदामाचे काप. गहू दिवसेंदिवस भिजवणे ज्यांना चालत नाही त्यांनी हल्लीच्या पद्धतीप्रमाणे मक्याचे पीठ घ्यावे. मका पुन्हा अमेरिकेचा, त्याच गलबतांतून आलेला. चव तीच येते असे मात्र कोणी सांगू नये.

१९४८ नंतर ही माणसे निघाली. छळ झाला म्हणून नव्हे. या भूमीवर त्यांना कधी धर्मासाठी त्रास झाला नाही, हे ती स्वतःच अभिमानाने सांगतात. आकर्षण होते ते प्रार्थनेत पिढ्यान्‌पिढ्या उच्चारलेल्या भूमीचे. अश्दोद, लोद, दिमोना, बेरशेबा, रामला या गावांत चेऊलकर आणि नागावकर वसले. पण तेथे प्रश्न उभा राहिला, हे खरेखुरे ज्यू आहेत काय? विवाहाच्या नोंदीत अडथळे आले, आंदोलन झाले आणि अखेर १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेला ठराव करावा लागला की बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यूच आहेत. ज्यांनी ग्रंथ हरवूनही रांजण झाकायला विसरले नाहीत, त्यांना पुरावा मागितला गेला. आज इस्राएलमध्ये हा समाज हजारोंच्या संख्येने आहे, तेथून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघाले, आणि भारतीय किराणा दुकानांत पोहे, कोकम आणि नारळाच्या रसाचे डबे ठेवलेले असतात. मलिद्याचे ताट तेथे हिब्रू प्रार्थनेबरोबर मांडले जाते. इतर देशांतून आलेल्या ज्यूंना ते ताट अपरिचित. म्हणूनच ‘आम्ही कोण’ हे सांगायला ते तेथे अधिक लागते.

रेवदंड्यात एकोणिसाव्या शतकातले ‘बेथ एल’ सिनेगॉग अजून आहे. सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. परिसरात घरे बोटांवर मोजण्याइतकी उरल्यावर हा आकडा गाठणे किती अवघड होते ते सांगायला नको. एस्थर डेव्हिड यांची ‘बुक ऑफ रेचल’ ही इंग्रजी कादंबरी नेमकी येथून सुरू होते. कोकण किनाऱ्यावरच्या दांडा गावात मुलेबाळे परदेशी गेलेली एक वृद्ध विधवा एकटीने सिनेगॉगची देखभाल करते, त्याची जमीन गिळंकृत करू पाहणाऱ्यांशी झुंजते आणि रांधत राहते. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी एक पाककृती आहे. या पुस्तकाला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे याच लेखिकेने देशभरातल्या ज्यू घरांत फिरून ‘बेने अपेटिट’ हा त्यांच्या स्वयंपाकाचा ग्रंथ २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. पदार्थ कागदावर उतरले हे चांगलेच झाले. पण कागदावर हात उतरत नाही. नारळाचा रस केव्हा फुटेल, आच केव्हा कमी करायची, हे ज्या हातांना कळत होते ते हात आता थोडे राहिले आहेत.

परदेशी वसलेल्या जैन कुटुंबांना या गोष्टीची दुसरी बाजू माहीत आहे. बेल्जियममधल्या अँटवर्पच्या हिरेबाजारात पालनपुरी जैन आणि कर्मठ ज्यू कित्येक वर्षे समोरासमोर बसून व्यवहार करीत आले आहेत. शहराच्या विल्राइक भागात संगमरवरी जैन मंदिर आहे, आणि ज्यूंची कोशर दुकाने स्टेशनाच्या आसपास. दोघांचेही डबे घरचे. येथे एक व्यावहारिक सूचना द्यावीशी वाटते. परदेशात पुड्यावर कोशरचे चिन्ह दिसले की काहीजण तो पदार्थ शाकाहारी समजतात. ते चूक आहे. ‘पार्वे’ असे लिहिले असेल तर त्यात दूध आणि मांस नाही एवढेच कळते. अंडे किंवा मासळीपासूनचा घटक त्यात असू शकतो. घटकांची यादी वाचल्याखेरीज गत्यंतर नाही.

रेवदंड्याला जायचे तर थंडीत जावे. तेव्हा वालाच्या शेंगा भरतात आणि या परिसरात ‘पोपटी’ लागते : मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, ओवा आणि खडेमीठ, पुन्हा पाला, मडके पालथे घालून भोवती पालापाचोळा पेटवायचा. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. रूढ रीत रात्रीची असली तरी वाडीवाल्याला सांगितले तर तो उन्हे कलण्यापूर्वी लावून देतो. कांदा-लसूण-बटाट्यावाचूनचे जेवणही आदल्या दिवशी कळवले की नागाव-रेवदंड्याच्या घरगुती खाणावळींत मिळते : तांदळाची भाकरी, ओले काजू असतील तर त्यांची उसळ, कच्च्या केळ्याची भाजी, आणि कोकमाचे आगळ नारळाच्या रसात मिसळून केलेली सोलकढी. या वाटीभर कढीत कोकम इथले, नारळ इथला, जिरे पश्चिमेकडून आलेले आणि मिरची अमेरिकेची.

मांडव्याहून परतीची बोट गाठायची घाई नसेल तर संध्याकाळी तटाबाहेर वाळूवर यावे. रेवदंड्याला सूर्य थेट समुद्रात उतरतो, आड काही येत नाही. चौविहाराचे जेवण त्याआधी आटोपलेले असावे. आणि तो दिवस शुक्रवार असेल, तर तटाच्या आत एखाद्या घरात मनुकांचे सरबत गाळून ठेवलेले असते, नारळाच्या रसातली शेवटची आमटी उतरवलेली असते, आणि तेथलीही चूल त्याच घटकेला विझवतात.